सहा शस्त्रे, आठ महिने आणि नोंदवहीतील दोन रकाने

गेल्या आठ महिन्यांत मी आठवड्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन सहा शस्त्रे आलटून पालटून वापरली: १० मीटरचे एअर पिस्तूल, पॉइंट २२ चे (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे) टार्गेट पिस्तूल, पॉइंट २२ ची बोल्ट अॅक्शन रायफल, ९ मिलिमीटरचे सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल, पॉइंट ३८ स्पेशलचे रिव्हॉल्व्हर आणि बारा बोअरची दुनळी शॉटगन. सर्व शस्त्रे रेंजचीच होती आणि प्रत्येक सत्रात प्रशिक्षक किंवा रेंज ऑफिसर मागे उभे असत. प्रत्येक शस्त्रासाठी मी वहीत दोन रकाने ठेवले होते, एकात पहिल्या दिवसाचे मत आणि दुसऱ्यात किमान पाचशे फैरींनंतरचे मत. आज ती वही उघडल्यावर दिसते की सहापैकी चार शस्त्रांबाबत दुसरा रकाना पहिल्याच्या नेमका उलट आहे. पहिल्या दिवसाच्या मतावर विसंबून मी शस्त्र निवडले असते, तर चुकीचे निवडले असते.

एअर पिस्तुलापासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर मी सर्वांत मोठा अन्याय केला होता. पहिल्या दिवशी मी लिहिले होते, ‘हलके, आवाज नाही, धक्का नाही, लवकरच पुढे जावे.’ ४.५ मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी), नियमानुसार किमान ५०० ग्रॅम दाबाने सुटणारा ट्रिगर आणि १० मीटरचे अंतर, यात कठीण काय असणार असे मला वाटले. लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि स्पर्धेत ६० फैरी ७५ मिनिटांत पूर्ण कराव्या लागतात, हे मला ठाऊक होते; पण त्या आकड्यांचा अर्थ दुसऱ्या महिन्यात कळला.

प्रशिक्षकांनी एकदा साधे गणित मांडून दाखवले. पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर असलेले दोन भाग, यांच्यातील अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर असेल आणि पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर पेलेट सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाऐवजी सात गुण मिळतात. उलट दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या असतील आणि संपूर्ण हातच एक मिलिमीटर सरकला, तर पेलेटही एकच मिलिमीटर सरकतो. म्हणजे हात थरथरणे हा मोठा दोष नाही, मनगट वळणे हा आहे. मी कित्येक आठवडे हात स्थिर करण्याच्या मागे लागले होते आणि डोळा मात्र लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर ठेवत होते. नजर पुढच्या साइटवर आणून काळे वर्तुळ धूसर राहू दिल्यापासून माझे गुण वाढले. एअर पिस्तुलात धक्का जवळजवळ नसल्यामुळे चुकीला कोणतेही निमित्त उरत नाही, शिवाय पेलेट नळीतून तुलनेने सावकाश बाहेर पडतो; त्यामुळे फैर झाल्यावर लगेच हात सैल सोडला तरी तो दोष कागदावर उमटतो. दुसऱ्या रकान्यात मी लिहिले आहे, ‘बाकी पाचही शस्त्रांचा अभ्यास येथे होतो.’

पॉइंट २२ च्या पिस्तुलाबाबत पहिले मत ‘सदोष’ असे होते. पहिल्याच सत्रात ते तीनदा अडकले आणि दोनदा फैर झालीच नाही. या काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन ती कड चेपते. कडेच्या ज्या भागात मिश्रण नीट पसरलेले नसेल तेथे पिन आदळली तर काडतूस पेटत नाही. त्यामुळे अधूनमधून एखादी फैर चुकणे हा या काडतुसाचा स्वभाव आहे आणि त्याचा दोष पिस्तुलाला देता येत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून ३० सेकंद थांबायचे आणि मगच काडतूस बाहेर काढायचे, ही शिस्त मला याच पिस्तुलाने लावली. अडकण्याचे कारण वेगळे निघाले. शिशाच्या गोळीवरचे मेण आणि जळालेल्या दारूची काजळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी साचते, आणि आधीच्या वापरानंतर ती साफ झालेली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक सत्राअखेर चेंबर आणि ब्रीच (नळीचा मागचा भाग) पुसून ठेवू लागले. पुढील सहाशे फैरींत पिस्तूल दोनदाच अडकले.

रायफलीने मला उलट दिशेने फसवले. पहिल्या दिवशी ५० मीटरवर माझ्या पाच फैरी १४ मिलिमीटरच्या गटात, म्हणजे कागदावर तेवढ्याच पसाऱ्यात, बसल्या आणि मी आनंदाने तो कागद जपून ठेवला. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, त्यामुळे ही कामगिरी मला असामान्य वाटली. पुढच्या सत्रात त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी, पाच फैरींचा गट ३१ मिलिमीटरचा आला. पाच फैरींचा एखादा गट काहीच सिद्ध करत नाही, इतका त्यात योगायोगाचा वाटा असतो. मग मी दहा फैरींचे पाच गट मारून त्यांची सरासरी काढण्याचा नियम केला आणि ती २७ मिलिमीटर आली. हाच माझा आणि त्या रायफलीचा खरा आकडा होता.

याच पद्धतीने मी काडतुसांच्या चार वेगवेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपांची) तुलना केली. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लॉटच्या सरासरीत ९ मिलिमीटरचा फरक पडला. जास्त वेगाच्या काडतुसांनी काहीच लाभ झाला नाही. स्पर्धेसाठीची पॉइंट २२ काडतुसे मुद्दामच ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद या पट्ट्यात ठेवलेली असतात, आणि माझ्या वहीतील सर्वांत लहान गटही त्यांचेच आहेत. रायफल घेण्याचा विचार करणाऱ्याने नळीवर जितका विचार करावा, तितकाच तिला कोणता लॉट मानवतो यावरही करावा, असे मला आता ठामपणे वाटते.

९ मिलिमीटरच्या पिस्तुलावर मी सर्वांत जास्त लिहिले आहे. पहिल्या रकान्यात केवळ स्तुती होती. हे काडतूस १९०२ पासून वापरात आहे, त्याची सुमारे आठ ग्रॅमची गोळी साधारण ५०० जूल ऊर्जा घेऊन निघते, आणि पॉइंट २२ च्या सुमारे १४० जूलनंतर हा फरक हातालाही जाणवतो आणि मनालाही. पहिल्या दिवशी १५ मीटरवरचा माझा गट चांगला होता. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र फैरी खाली आणि डावीकडे जाऊ लागल्या. मी उजव्या हाताने नेम धरते. मला वाटले मागची साइट सरकली असावी, म्हणून ती दोनदा बदलून घेतली, आणि दोन्ही वेळा एका आठवड्यात फैरी पुन्हा तेथेच जाऊ लागल्या.

प्रशिक्षकांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये (काडतुसे भरण्याच्या खोक्यात) दोन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसे मिसळून दिली. पहिल्या डमीवर ट्रिगर ओढला तेव्हा फक्त टिचकीचा आवाज झाला आणि नळीचे टोक स्पष्टपणे खाली झुकले. धक्का येण्याआधीच माझा हात त्याला तोंड देत होता. हे पाहताना मला खरोखर वाईट वाटले, कारण मी दीड महिना शस्त्राला दोष देत होते. त्याहून वाईट म्हणजे हीच सवय पॉइंट २२ च्या पिस्तुलातही शिरली होती. त्या काळातील त्याचे कागद शोधून पाहिले तर तेथेही गट खाली डावीकडे सरकलेला होता, केवळ धक्का कमी असल्यामुळे तो तितका सरकला नव्हता.

त्यानंतर सत्रांची रचना बदलली. प्रत्येक सत्राची सुरुवात आणि शेवट पॉइंट २२ ने करायचा, मध्ये ९ मिलिमीटरच्या ५० पेक्षा जास्त फैरी मारायच्या नाहीत, आणि मॅगझिन नेहमी दुसऱ्याने भरायचे, म्हणजे डमी कोठे आहे हे मला कळणार नाही. यांशिवाय घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव, सुरू केली ती रेंजच्या एअर पिस्तुलासारख्या ट्रिगरच्या सराव उपकरणावर. पॉइंट २२ चे शस्त्र रिकामे चालवू नये, कारण बऱ्याच पॉइंट २२ शस्त्रांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून ती खराब होऊ शकते. गट पुन्हा मधे यायला अडीच महिने लागले. एखाद्याने नेमबाजी शिकायला थेट मोठ्या काडतुसापासून सुरुवात केली, तर ही सवय किती खोल रुजत असेल, याची मला आता कल्पना येते.

रिव्हॉल्व्हर मला पहिल्या दिवसापासून आवडले आणि अजूनही आवडते. हॅमर (मागचा घोडा) हाताने मागे ओढून फैर केली की ट्रिगर हलका आणि स्वच्छ सुटतो. डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरनेच हॅमर मागे नेताना, मात्र सुमारे पाच किलोचा लांब ओढा एकसारख्या वेगाने पूर्ण करावा लागतो. मी शेवटचे दोन महिने फक्त डबल अॅक्शन वापरले, आणि त्याचा उपयोग इतर सर्व ट्रिगरवर झाला. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पहिल्या फैरीआधी समजून घ्यावी: सिलिंडर आणि नळी यांमधील फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण जोराने बाजूला फेकले जातात, त्यामुळे सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलावर पुढे ठेवलेला अंगठा येथे कधीही त्या फटीजवळ जाता कामा नये.

शॉटगनचा अनुभव अपुरा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी हवेत उडवलेल्या ११० मिलिमीटरच्या २५ तबकड्यांपैकी माझ्याकडून चार फुटल्या. शॉटगनला मागची साइट नसते, नेमबाजाचा डोळाच तिची जागा घेतो. आणि तेव्हा उघड झाले की मी उजव्या हाताची असले तरी माझा प्रबळ डोळा डावा आहे. पिस्तुलात डोके किंचित वळवून हे निभावत होते, येथे गाल दस्त्याला (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला) टेकलेला असल्याने ते शक्य नव्हते. चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक पट्टीचा छोटा तुकडा लावल्यावर पुढील सत्रांत फुटलेल्या तबकड्या अकरा ते चौदाच्या दरम्यान गेल्या. दस्ता माझ्या खांद्याला लांब होता, आणि मापाचा दस्ता मिळेपर्यंत या शस्त्रावर मत देणे योग्य होणार नाही.

कान आणि शिसे यांविषयी मी सुरुवातीला बेफिकीर होते, ते बदलले. ९ मिलिमीटर किंवा पॉइंट ३८ ची फैर १४० डेसिबलच्या वर जाते आणि बंदिस्त रेंजमध्ये भिंती तो आवाज परत फेकतात. आता मी कानात प्लग आणि वर इअरमफ असे दोन्ही वापरते. दोन्हींची क्षमता सरळ बेरजेने वाढत नाही, तरी मिळणारी थोडी जास्तीची घटही मोलाची आहे, आणि आवाज कमी झाल्यावर दचकणेही कमी होते हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. बहुतेक काडतुसांच्या प्राइमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या मिश्रणात) शिशाचे संयुग असते, म्हणून रेंजवर काहीही खात नाही, निघताना हात आणि चेहरा साबण व थंड पाण्याने धुते आणि सत्राचे कपडे घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुते.

स्वतःसाठी एकच शस्त्र ठेवायचे झाले तर मी पॉइंट २२ चे पिस्तूल ठेवेन, तेही ग्रिप (मूठ) हाताच्या मापाची बसवून. रेंजच्या पिस्तुलाची ग्रिप माझ्या बोटांना मोठी पडते. त्यामुळे ट्रिगरवर बोटाचे टोक पोहोचते, पेराचा मधला भाग पोहोचत नाही, आणि ओढताना नळी बाजूला ढकलली जाते. गेल्या तीन सत्रांत ग्रिपच्या आतील बाजूचे लाकूड दोन मिलिमीटर घासून घेतलेले दुसरे पिस्तूल वापरायला मिळाले. २५ मीटरवरच्या दहा फैरींच्या गटांची सरासरी ६८ मिलिमीटरवरून ५२ वर आली आहे. पाचशे फैरी अजून पूर्ण झालेल्या नाहीत, त्यामुळे त्या पिस्तुलाचा दुसरा रकाना सध्या रिकामा आहे.