चौदा महिने, एकोणीस दिवस बर्फ आणि फोंड्याचा एक पावसाळा: माझ्या स्कीचा अनुभव

गोव्यात मोपाच्या विमानतळावर ही लांबलचक पिशवी ट्रॉलीवर आडवी टाकली की कोणीतरी विचारतंच, "सर्फबोर्ड?" मोरजी-अश्वेंचे किनारे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रश्नात चूक काही नाही. एकाने तर मासे गरवायच्या काठ्या आहेत का म्हणून विचारलं. स्की म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग काचेबाहेरच्या उन्हाकडे.

तर स्की घेऊन चौदा महिने झाले. त्यातले बर्फावरचे दिवस दोन हिवाळे मिळून एकोणीस. उरलेला सगळा काळ त्या फोंड्याला आमच्या चिऱ्याच्या घरात होत्या. त्यामुळे या अनुभवात डोंगर कमी आणि दमट हवा जास्त, हे आधीच सांगून ठेवते.

गुलमर्गला मी आधीची काही वर्षं भाड्याच्याच स्की वापरल्या. बोथट कडा, आदल्या माणसाच्या घामाचे बूट, आणि उंची न विचारता हातात दिलेली जोडी. 2024च्या जानेवारीत तर तिथे बर्फच नव्हता, बेत फिसकटला. त्या रिकाम्या सुट्टीत बसून काय घ्यायचं याचा अभ्यास केला. नणंद झ्युरिकला असते. तिकडे हंगाम संपताना भाड्याच्या दुकानातल्या चांगल्या स्की स्वस्तात काढतात, त्यातली एक जोडी तिने आणली. मॉडेलचं नाव देत नाही, कारण दर काही वर्षांनी कंपन्या आतली रचना बदलतात आणि नाव तेच ठेवतात. आकडे बघून घेतलेलं बरं.

पहिला आकडा रुंदीचा. बुटाखाली स्की सर्वांत अरुंद असते, तिथले मिलिमीटर. ब्लॅक पर्ल 88, सांता आना 93 या स्कींच्या नावांतला आकडा तोच. साधारणपणे ऐंशीच्या आसपासची स्की घट्ट, रोलर फिरवलेल्या उतारावर चपळ चालते. शंभरच्या जवळची ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते. ऑल-माउंटन म्हणजे या दोन्हींच्या मधली तडजोड. गुलमर्ग म्हणजे पावडर, म्हणजे हाच भुसभुशीत बर्फ, तेव्हा 98च घे, असं मला जो तो सांगत होता. मी 88 घेतली. खरं सांगायचं तर माझा बहुतेक दिवस गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे कोंगडोरीपर्यंतच जातो. वर अफरवटला, जवळपास चार हजार मीटरवर, मी दिवसातून एकदा जाते, तेही हवा चांगली असेल तर आणि सोबत गाइड असेल तर.

हा निर्णय मला अजूनही पटतो. सकाळी दहाच्या आत, उतारावर मशीनच्या रेघा अजून ताज्या असताना, 88ची कड बर्फात अशी रुतते की विळीवर काकडी. गुडघा जरासा आत दाबला की स्की वळायला लागते, अंगाची झटापट करावी लागत नाही. भाड्याच्या स्कीवर दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या, इथे तीन वाजेपर्यंत तक्रार नव्हती.

पावडरमध्ये मात्र फजिती झाली. फेब्रुवारीत रात्रभर पडून सकाळी गुडघाभर ताजा बर्फ होता आणि मी हौसेने वर गेले. पुढचं टोक वर वळलेलं, रॉकर असल्यामुळे ते बुडलं नाही, पण बुटाखालचा भाग खाली खाली जात राहिला. तिसऱ्या वळणावर आडवी झाले आणि डावी स्की निघून बर्फाखाली गडप. पोलने, म्हणजे हातातल्या काठीने, टोचत टोचत वीस मिनिटं शोधत होते. गाइड हसत नव्हता, पण हसू दाबत होता. ही स्कीची चूक नाही, 88 मिलिमीटरकडून 100चं काम करून घ्यायला गेले, ती माझी.

लांबीचं असंच. माझी उंची 158 सेंटिमीटर, स्की 159. शिकवणाऱ्याने सुरुवातीला हनुवटीपर्यंतची दिली होती, म्हणून ही डोक्याएवढी जोडी बघून धास्तावले होते. पण रॉकरमुळे घट्ट बर्फावर पूर्ण लांबी टेकतच नाही, त्यामुळे ती आखूडच वाटते. 152 घेतली असती तर वेगात टोक थरथरलं असतं, असं मला आता वाटतं.

आणि ते "बायकांची स्की" प्रकरण. काही कंपन्यांत फरक खरा असतो: गाभ्याचं लाकूड हलकं, धातूचा पत्रा पातळ किंवा नाहीच, बाइंडिंगची (बूट स्कीला धरणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या खटक्याची) जागा किंचित पुढे. काही ठिकाणी तीच पुरुषांची स्की आखूड मापात, जांभळ्या रंगात. माझं मत विचाराल तर लेबल सोडा आणि आपलं वजन बघा. पंचावन्न किलोच्या कुणालाही दोन पत्र्यांची ताठ स्की वाकणार नाही, मग ती बाई असो की बुवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्की आधी घेतली, बूट नंतर. उलट करायला हवं होतं. बूट सैल असेल तर पाय वळतो आणि स्की सरळच जाते. पहिल्या हिवाळ्यात बूट भाड्याचेच होते. बाइंडिंग जुळवून देणाऱ्या दुकानदाराने फक्त वजन विचारलं आणि स्क्रू फिरवला. वय, उंची, बुटाच्या सोलची लांबी, स्की कशी चालवता, यातलं काही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तजुर्बा है." दुसऱ्याच दिवशी हळू वेगात पडले, स्की सुटली नाही आणि गुडघा मुरगळला. नुसत्या मुरगळण्यावर निभावलं. स्कीइंगमध्ये बायकांच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध पुरुषांपेक्षा जास्त वेळा फाटतो. तेव्हापासून हे सगळं कागदावर लिहून नेते आणि समोर उभी राहून सेटिंग वाचते.

आता घरची गोष्ट. पहिल्या मार्चमध्ये परत आले, स्की पुसल्यासारख्या पुसल्या आणि पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. जुलैत पिशवी उघडली तर कुबट वासाचा भपका आला. पोलादी कडांवर टोकापासून शेपटीपर्यंत नारिंगी रेघ, आणि बाइंडिंगच्या ब्रेकवर पांढरी बुरशी. डोंगराने एवढं नुकसान केलं नव्हतं! वरवरचा गंज होता, गंज घासायच्या खरखरीत रबराने एका दुपारी गेला. ब्रेकचं स्प्रिंग मात्र अजून करकरतं.

मग वॅक्स शिकले. जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री, अंगणाकडच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, दोन स्टुलं, त्यावर स्की पालथी. वॅक्स वितळवून बेसवर, म्हणजे स्कीच्या तळावर, थेंब सोडायचे, इस्त्री न थांबवता पुढे सरकवायची. थांबली तर बेस जळतो. साठवणीसाठी हा थर जाड ठेवायचा, कडांवरही येऊ द्यायचा आणि खरवडायचा नाही. खरवडणं निघायच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्टीखालून वॅक्सचा पांढरा चुरा असा पडत होता की सासूबाई म्हणाल्या, "आदोळी दिऊं?" म्हणजे नारळ खोवायची विळी देऊ का.

दुसऱ्या पावसाळ्यासाठी पिशवी रद्द केली. स्की झोपायच्या खोलीत कपाटामागे उभ्या, उघड्यावर, वॅक्सच्या थरासकट. बुटांचे आतले लायनर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवले, परत घालून बकल हलकेच लावली, आत सिलिका जेलच्या पुड्या. अजून तरी नवा गंज आलेला नाही.

परवा भाची म्हणाली, येत्या जानेवारीत ती औलीला जातेय, स्की देशील का. वजन पंचेचाळीस किलो, पहिलीच खेप. बाइंडिंग माझ्या वजनावर आणि माझ्या बुटावर लावलेलं आहे, तिच्यासाठी सुटेलच याची खात्री नाही. तिला सांगितलंय, तिथेच भाड्याने घे, आखूड घे, आणि दुकानदाराने वय विचारलं नाही तर तू सांग.