बिल्टी खरी, पेटी खरी, आत भंगार

वडिलांच्या जुन्या गाडीचं हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं झाकण) आणि कार्बोरेटर ऑनलाइन घेताना २२,७८० रुपये गेले. ४,००० टोकन, १८,००० बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर, आणि ७८० ट्रान्सपोर्टचं भाडं. म्हणजे भंगार माझ्यापर्यंत पोचवण्याचे पैसेसुद्धा माझ्याच खिशातून. जुन्या गाड्यांचे पार्ट ऑनलाइन घेणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने हे वाचावं म्हणून लिहितोय. लाजेपोटी इतके दिवस गप्प होतो. परवा त्याच फोटोंची जाहिरात पुन्हा फिरताना दिसली आणि डोकं फिरलं.

क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावणारे, 'मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे' म्हणणारे, अर्ध्या किमतीत अख्खं इंजिन द्यायला निघालेले, हे सगळे मला माहीत होते. तुम्हालाही असतील. इथे यातलं काहीच घडलं नाही. किंमत बाजारभावाचीच होती, घाई नव्हती, लिंक नव्हती, ओटीपी नव्हता. म्हणून 'एवढं कसं कळलं नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. १०८९ सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना ठाऊक आहे की हेड हेच तिचं मोठं दुखणं. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं असतं, त्याने हेड आतून खाल्लं जातं. एकदा गाडी तापली की हेड वाकतं, मग फेसिंग मारायचं, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करायची. पुन्हा तापली, पुन्हा फेसिंग. दर वेळी थोडं पातळ होतं आणि एक दिवस मिस्त्री सांगतो की आता यात मारायला काही उरलं नाही. माझ्या हेडला तर दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधोमध चीर होती. वेल्डिंग करून पाहिलं, टिकलं नाही.

कुर्ल्याचा कारखाना कधीचा बंद झाला. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर भंगारात माल यायचा. वीस वर्षांच्या वयोमर्यादेने एकेक करत त्या गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. चोर बाजार, जुना बाजार, कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घालून झाल्या होत्या. 'ऑनलाइन घेतलंस कशाला' असं विचारणाऱ्यांनी मला असं हेड दुकानात दाखवावं, मी आत्ता जाऊन आणतो.

हेड विकणारा माणूस ऑनलाइन भेटला, आणि तो गाडीतला पक्का जाणकार होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'ज्याला गाडी कळते तो आपल्यातला' असं आपण सगळेच धरून चालतो. माझं हेड किती वेळा फेस केलंय, गॅस्केट कुठलं घालणार, स्टड बदलणार का, हे त्याने आपणहून विचारलं. त्याआधी त्याच्याकडून ८५० रुपयांची हॉर्न रिंग घेतली होती. कुरिअरने आली, फोटोत होती तशीच, क्रोमसुद्धा शाबूत. आज कळतंय की ते ८५० रुपयांचं काम त्याने पुढच्या २२,००० साठी केलं होतं. पहिला छोटा व्यवहार सरळ झाला म्हणून दुसऱ्याला डोळे मिटू नका.

हेड १६,५००, सोबत सोलेक्स कार्बोरेटर ५,५००. मी फोटो मागितले. नुसते नाही, हेडवर चिठ्ठी ठेवून, चिठ्ठीवर माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख. तेही आले. हेड उलटंपालटं करून दाखवणारा व्हिडिओ आला. व्हिडिओ कॉलला मात्र 'इकडे गोडाऊनमध्ये रेंज नाही' हे एकच उत्तर. पैसे ज्या खात्यावर पाठवायचे त्यावर दुसरंच नाव दिसत होतं. म्हणाला, मेव्हण्याचं खातं, माझं जीएसटीमुळे अडकलंय. किती जण असं सांगतात आणि किती जणांना आपण पैसे पाठवतो, जरा आठवून बघा. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं असतं. ते समोरच्या माणसाचं नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत, मेव्हणा असो की सख्खा भाऊ.

मी ४,००० टोकन दिलं. दोन दिवसांत बिल्टीचा फोटो आला.

आता या बिल्टीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं त्या एका कागदावर होतं आणि तो कागद झूम करून मी बघितलाही होता. ट्रान्सपोर्ट कंपनी खरी, बिल्टी नंबर खरा. मी त्यांच्या ऑफिसात फोन करून नंबर तपासला, तिकडून 'हो, एक पेटी बुक आहे, टू पे', म्हणजे भाडं घेणाऱ्याने भरायचं, असं उत्तर आलं. आणखी काय करायचं असतं माणसाने? वजन लिहिलं होतं ४१ किलो.

अ‍ॅल्युमिनियमचं हेड मी स्वतः एकट्याने उतरवून बाकावर ठेवलेलं आहे. कार्बोरेटर धरून पंधरा किलोच्या आतबाहेर होईल. ४१ कुठून आले? हा प्रश्न मी त्याला त्याच क्षणी विचारला, मेसेजचा स्क्रीनशॉट अजून आहे. तो म्हणाला, 'भाऊ, लाकडी पेटी केलीय, जाड फळ्या मारल्यात, ट्रान्सपोर्टचे हमाल कसे फेकतात माहितीये ना. आणि कमीत कमी चाळीस किलोचं भाडं लावतातच ते.' दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. हमाल फेकतात हे खरं. ट्रान्सपोर्टवाले किमान वजनाचं भाडं लावतात हेही खरं. पण बिल्टीवर वजनाचे दोन रकाने असतात, एक प्रत्यक्ष वजनाचा आणि एक आकारलेल्या वजनाचा. किमान भाड्याचा आकडा दुसऱ्या रकान्यात येतो. माझ्या बिल्टीवर ४१ पहिल्या रकान्यात होतं. म्हणजे काट्यावर ठेवलेली पेटी खरोखर ४१ किलोची होती. त्या दोन रकान्यांच्या मधली एक रेघ, आणि माझे १८,००० रुपये. रोज रात्री ती रेघ डोळ्यापुढे येते. मालाच्या वर्णनात 'जुने पार्ट' आणि किंमत ५०० रुपये लिहिलेली होती. त्यावर तो म्हणाला, सगळेच कमी लिहितात. तेही खरंच आहे, आपण सगळे लिहितो. मी १८,००० पाठवले.

पेटी आली तेव्हा गोडाऊनमध्ये उघडून बघू म्हटलं तर कारकून म्हणाला, आधी भाडं, आधी सही, मग घरी नेऊन काय ते उघडा. ७८० भरले, सही केली. घरी व्हिडिओ चालू ठेवूनच फळ्या उचकटल्या. आत गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळलेले टेम्पोचे दोन ब्रेक ड्रम, एकाला आरपार चीर, आणि पाण्याच्या पंपाचं फुटकं बिडाचं केसिंग. कार्बोरेटरसाठी वेगळं छोटं खोकं केलेलं होतं, त्यावर पेनने 'कार्ब' लिहिलेलं, चिकटपट्टी नीट गुंडाळलेली. आत गंजलेली बिजागरी. ते खोकं उघडताना माझे हात थरथरत होते. एवढी मेहनत घेऊन माणूस माणसाला लुबाडतो.

तोवर त्याचा नंबर बंद. आणि मेसेज सात दिवसांनी आपोआप गायब होतील अशी सेटिंग त्याने केव्हाच करून ठेवली होती. सुरुवातीची बोलणी त्यात पुसली गेली. हे दिसलं की त्याच मिनिटाला सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढा.

पेटी पाठवलीच कशाला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. पैसे घेऊन नंबर बंद करता आला असता, भाडंही वाचलं असतं त्याचं... नाही, भाडं माझ्याकडूनच घेतलं होतं. उत्तर सोपं आहे. खरी बिल्टी असली की आपण 'माल वाटेत आहे' म्हणून आठवडाभर शांत बसतो. तेवढ्यात पैसे या खात्यातून त्या खात्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर. आणि पेटीवर सही झाली की पोलीस म्हणतात, माल मिळाला ना? त्या ब्रेक ड्रमनी त्याला वेळही मिळवून दिला आणि आडोसाही.

चिठ्ठीचं कोडंही नंतर सुटलं. हेडचे फोटो मी इतर हौशी मंडळींना पाठवले तेव्हा एका गृहस्थांनी लगेच ओळखलं, हे तर माझं हेड. याच माणसाने गिऱ्हाईक म्हणून त्यांना संपर्क केला होता, स्वतःचं नाव म्हणून माझं नाव सांगितलं होतं, आणि 'चिठ्ठी ठेवून फोटो आणि व्हिडिओ पाठवा, म्हणजे विश्वास बसेल' असं म्हणून सगळं त्यांच्याकडून करून घेतलं होतं. त्यामुळे नाव-तारखेची चिठ्ठी आता पुरावा धरू नका. थेट व्हिडिओ कॉल करा आणि तिथल्या तिथे सांगा की हेड उलटं कर, तिसऱ्या व्हॉल्व्हवर बोट ठेव, काट्यावर ठेवून वजन दाखव. जो करत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. रेंज नसेल तर रेंज येईल तेव्हा व्यवहार.

आता तक्रारीचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, दिले, तक्रार क्रमांक मिळाला. ही सोय पैसे खात्यात असेपर्यंत कामाची, पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येते. माझ्या बाबतीत पेटी उघडेपर्यंत त्या खात्यात ३१२ रुपये शिल्लक होते.

मग पोलीस ठाणं. ड्युटीवरच्या साहेबांनी ब्रेक ड्रमचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न टाकला, 'भंगारासाठी बावीस हजार दिले तुम्ही?' शेजारचे दोघे हसले. माझ्या वडिलांच्या गाडीचं हेड त्यांच्या लेखी भंगार. मग म्हणाले, माल मिळाला, सही तुमची, हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा. सायबरवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, पेटी प्रत्यक्ष आलीय, हे ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर. नंतर गेलो तर पेटी बुक झाली तिकडच्या ठाण्यात जा, ते दुसऱ्या राज्यात. खातं तिसऱ्याच राज्यात. मी काय सुट्ट्या टाकून देशभर हिंडू? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेलं होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवून मालमत्ता काढून घेणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, हेही दाखवलं. साहेब म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' नाही, मी नागरिक आहे, ज्याचे पैसे गेलेत. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. आता १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पुढे सगळं त्यावर चालतं.

बँकेत वेगळाच अनुभव. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मी दाखवलं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. मॅनेजरबाई म्हणाल्या, ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्ही स्वतः टाकलाय. कायद्याने त्या बरोबर असतीलही. पण माझ्या मोबाइलला कोणी हात न लावता माझ्या तोंडून 'हो' वदवून घेतलं तर ती चोरी नाही, आणि मी झोपेत असताना काढले तर चोरी, हा न्याय मला अजिबात मान्य नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते केवायसी करूनच उघडलं असेल ना? मग तो माणूस कोण, हे बँकेला माहीत आहे, पोलिसांना विचारायचं नाही, आणि मला सांगायचं नाही.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी तर हात वर केले. रोख भाड्याची टू पे पेटी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल तो सांगेल तो, ओळखपत्र बघितलेलं नाही.

विकणाऱ्याच्या शहरात ओळखीचा एखादा गाडीवेडा असेल तर त्याला चहाचे पैसे द्या आणि प्रत्यक्ष बघायला पाठवा. उरलेली रक्कम पेटी उघडल्यावरच. हे मान्य नसेल तर हेड त्याच्याकडेच राहू द्या. इंजिनचा ब्लॉक घेत असाल तर त्यावर इंजिन नंबर असतो, आरसीची प्रत मागा, नाहीतर चोरीचा माल घेतला म्हणून उलट तुमच्यावरच शेकेल. पेटी गोडाऊनमधून उचलण्याआधी काट्यावर ठेवा, तेवढं तरी कोणी अडवत नाही.

फिरणाऱ्या जाहिरातीतलं हेड निळ्या ताडपत्रीवर ठेवलेलं आहे, डावीकडून दुसरा स्टड अर्धा तुटका आहे. खरं हेड अजून त्या गृहस्थांच्या फडताळावर आहे आणि त्यांनी ते विक्रीतून काढून घेतलंय. या फोटोंवर कोणी आज पैसे पाठवले असतील तर पेटीची वाट बघू नका, यूटीआर हाताशी घ्या आणि आत्ता १९३० लावा.