आधी घराचा कागद की आधी बचतगटाचं कर्ज?

गरिबी हटवायला आधी घराचा कागद म्हणणारे डी सोटो बरोबर की छोटी कर्जं देणारे युनूस, यावर आमच्या घरात कायम वाद. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो म्हणतात गरिबाकडे घर असतं पण मालकीचा कागद नसतो, म्हणून ते मेलेलं भांडवल, त्यावर कर्ज उभं राहत नाही. धारावीत मावशीचा फोटोपास, म्हणजे झोपडीत राहत असल्याचा सरकारी ओळखीचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलाय, जिवापाड जपते, पण तो मालकीचा कागद नाही ना, मग त्यावर होम लोन कोण देणार? मुद्दा अगदी पटतो. पेरूत १९९० च्या दशकात असे कागद वाटले तेव्हा खासगी बँकांची कर्जं काही फारशी वाढली नाहीत, पण घर राखायला कुणीतरी मागे थांबायचं ते संपलं आणि माणसं बाहेर कामाला जायला लागली, मला तर हेच जास्त मोठं वाटतं.

बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांची, गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक १९८३ ची. पाच जणींचा गट, तारण नाही, हप्ता दर आठवड्याला. मावशीची शिलाई मशीन बचतगटाच्या पैशातूनच आली, ते विसरून चालणार नाही. पण २०१५ मध्ये सहा देशांतले अभ्यास आले, त्यात अशा छोट्या कर्जांनी सरासरी उत्पन्न फार वाढलेलं दिसलं नाही.

म्हणून माझं मत आधी कागद. मशीन ठेवायला हक्काची जागा तर पाहिजे.