एन्लार्ज लिहू की एक्स्टेंड?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे इंग्रजी मेल मी लिहून देतो. परवा एका कारखानदाराच्या मुलाचा फोन आला. "काका, टॉवेल मोठा करून देतो असं पार्टीला कळवायचंय. एन्लार्ज लिहू का ओ?"

"कुठनं मोठा? लांबीला की दोन्हीकडनं?"

"लांबीलाच. तीस-साठचा तीस-सहासष्ट."

मग एन्लार्ज नको, एक्स्टेंड लिही, म्हटलं. त्याला वाटलं मी उगाच कीस काढतोय. पण लूमवर हा फरक पैशाचा आहे. लांबी सहा इंच वाढली तर त्याच ताण्यावर, म्हणजे लांबीच्या उभ्या धाग्यांवर, विणणं थोडं पुढे चालतं, सूत तेवढं जास्त लागतं. पन्हा, म्हणजे रुंदी, वाढवायचा म्हटलं की ताण्याचे धागे वाढतात, ते ज्या फणीतून ओवतात तिच्यातली भरणी बदलते, ताणा गुंडाळायचा रूळ म्हणजे बीम नव्याने भरावा लागतो. एन्लार्ज वाचणारा माणूस लांबी-रुंदी दोन्ही धरून बसला, तर लांबीपुरत्या भावात दोन्ही वाढवून देणं आपल्या गळ्यात पडणार.

एक्स्टेंड लक्षात ठेवायला आपल्याला सोपा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'टेंडेरे' आहे, म्हणजे ताणणे. हा शब्द आणि आपला 'ताणणे' भाषेच्या नात्याने चुलतभाऊ. ताणा ज्या दिशेला जातो त्याच दिशेला टॉवेलची लांबी असते, त्यामुळे सोलापूरकराने तरी एक्स्टेंड चुकवू नये. मुदतीलाही हाच शब्द. 'डिलिव्हरीची तारीख एन्लार्ज करा' असं लिहिलेले मेल मी पाहिलेत. हसू येतं, पण अर्थ कळतो म्हणून कुणी दुरुस्त करत नाही.

एन्लार्जची खरी जागा म्हणजे फोटो, नकाशा, टॉवेलवरचा लोगो. जे आहे तेच, त्याच प्रमाणात, मोठं. त्यातला 'लार्ज' जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ रुंद, ऐसपैस असा होता. मात्र टक्के लिहिताना सांभाळा. झेरॉक्सवर ए-फोरचा ए-थ्री करायला 141 टक्के लावतात आणि कागद दुप्पट होतो, कारण 141 ही लांबीची आणि रुंदीची वाढ आहे, क्षेत्रफळाची नाही. 'लोगो 200 टक्के एन्लार्ज' असं लिहिलं तर तो चौपट जागा खाईल. दुप्पट हवा असेल तर सरळ इंचात माप द्या.

दवाखान्याच्या रिपोर्टमध्ये यकृत, हृदय, प्रोस्टेट यांच्यापुढेही एन्लार्ज्ड दिसतं. तिथे तो फक्त नेहमीपेक्षा आकार मोठा झाल्याचा उल्लेख.

मॅग्निफायशी घोळ करू नका. पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, कापडावर ठेवून आपण इंचातले धागे मोजतो तेव्हा धागे मोठे दिसतात, होत नाहीत. ते मॅग्निफाय. राईचा पर्वत करणाऱ्या माणसालाही हाच शब्द लागतो.

धंद्यासाठी मी एक्स्पांड निवडतो. पसरणं, विस्तारणं हा त्याचा भाव. मंत्रिमंडळ विस्तार आणि तापलेल्या लोखंडाचं प्रसरण दोन्ही त्यात बसतात. 'आम्ही धंदा एन्लार्ज करतोय' हे चूक नाही, पण जुन्या टाइपरायटरवरून उतरल्यासारखं वाटतं. नवीन शेड, नवीन लूम, नवीन गावात माल जाणं, या सगळ्याला एक्स्पांड चालतो.

एक गंमत कोर्टातली. आपल्याकडच्या इंग्रजी आदेशांत आरोपी जामिनावर 'एन्लार्ज' होतो. सुटतो, असा अर्थ. इंग्रजीत हा वापर एरवी जवळपास मेला, वकिलांनी तेवढा जपला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, जेलच्या जेवणाने माणूस सुटलाय.

मराठीत आपण एका 'वाढवणे'वर मुदत, दाढी, धंदा आणि देवापुढचा नारळसुद्धा भागवतो. त्यामुळे इंग्रजी लिहिताना आधी स्वतःला विचारावं लागतं, की नक्की काय वाढतंय. त्या मुलाच्या मेलमध्ये लांबीला एक्स्टेंड, लोगोला एन्लार्ज असं ठरलं. भाव वाढल्याचं कळवायला यातला एकही चालत नाही, तिथे साधा इन्क्रीज. ते वाक्यही मी लिहून दिलं होतं. त्याच्या वडिलांनी तेवढंच खोडलं.