मजुरी ठेक्यावर घर बांधून घेताना: एका मेस्त्रींच्या कामाचा अनुभव

बेळगावच्या अनगोळमधले आमचे जुने कौलारू घर उतरवून त्याच जागी १,०८० चौरस फुटांचे नवे घर बांधण्याचे काम आम्ही जानेवारी २०२४ मध्ये एका मेस्त्रींना मजुरी ठेक्यावर दिले. सिमेंट, सळी, वाळू आणि विटा आमच्या. माणसे, सेंट्रिंगचे सामान (स्लॅबखाली लावायच्या फळ्या, प्लेटा आणि टेकू) आणि हातातली कला त्यांची, असा हा व्यवहार होता. नऊ महिन्यांत काम संपवून दिवाळीपूर्वी वास्तुशांत करायची, असे तोंडी आणि कागदावरही ठरले होते. प्रत्यक्षात ३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय्य तृतीयेला, नव्या चुलीवर दूध उतू घातले. आता एक पावसाळा घराच्या डोक्यावरून गेला असल्यामुळे कामाविषयी काही ठामपणे लिहिता येईल, असे वाटते. मेस्त्रींचे नाव येथे देत नाही, कारण त्यांचा शेवटचा हिशेब अजून पुरता झालेला नाही.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. त्या सवयीमुळे पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती: किती गवंडी आले, किती बिगारी आले, किती पोती फुटली, काय काम झाले. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक त्या वहीतून आलेले आहे. माझे मत आधीच सांगते. मेस्त्रींचे बांधकाम चांगले आहे आणि वेळापत्रक वाईट आहे. ज्या कुटुंबाला कामाच्या जागीच राहावे लागते, त्याला या दुसऱ्या गोष्टीची झळ फार बसते.

आम्ही तसेच राहिलो. भाड्याचे घर बघितले होते, परंतु अनामत आणि भाडे देऊन वर बांधकामाचा खर्च पेलणे अवघड होते, आणि सासूबाई देव हलवायला तयार नव्हत्या. परसात जुना गोठा आणि नहाणीघर मिळून दोन खोल्या होत्या. त्यांत यजमान, मी, सासूबाई, दहावीत जाणारी मुलगी आणि पाचवीतला मुलगा असे पाच जण राहिलो. स्वयंपाक पत्र्याच्या आडोशाला होत असे. सिमेंटची धूळ कुठेही जाते. त्या वर्षी घातलेल्या लोणच्याच्या बरणीला सासूबाईंनी तीन पदरी धोतराचे फडके बांधले होते, तरी वर करड्या रंगाचा पापुद्रा दिसत असे. तुळशीवृंदावन तीनदा जागेवरून हलले.

पायाच्या कामासाठी मी मेस्त्रींना पूर्ण गुण देते. आमच्या जागेत काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि तिच्यावर पाया टेकवला तर दोन-चार वर्षांत भिंतीला तिरप्या भेगा पडतात. इंजिनिअरने पाच फूट खोली लिहून दिली होती, परंतु ईशान्येच्या कोपऱ्यात सहा फुटांवरही काळीच माती लागत होती. मेस्त्री काही न बोलता पाया भरू शकले असते, कारण इंजिनिअर त्या दिवशी गावात नव्हते आणि आम्हाला त्यातले काही कळत नव्हते. त्याऐवजी त्यांनी काम थांबवले, मला खड्ड्यापाशी बोलावले आणि पहारीने खालची माती उचकटून दाखवली. "वैनी, हितं मुरूम लागला नाही अजून. ह्याच्यावर भरलो तर पुढं तुम्ही मला शिव्या घालशीला," असे ते म्हणाले. सात फुटांवर मुरूम लागला. वाढीव खोदाईची मजुरी त्यांनी मागितली नाही.

विटांच्या बाबतीतही त्यांची नजर चोख होती. खानापूर भागातल्या भट्टीवरून आलेल्या पहिल्या गाडीतल्या दोन विटा त्यांनी एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐकले, एक वीट कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकली, आणि गाडीतला मागचा थर कच्चा आहे म्हणून तो परत पाठवला. भट्टीवाल्याशी वाद झाला, तोही त्यांनीच निस्तरला. बांधकामापूर्वी विटा हौदात भिजवल्याशिवाय त्यांनी एकही थर लावू दिला नाही. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो, हे त्यांनी माझ्या मुलाला इतक्या वेळा समजावले की तो शाळेतून आल्यावर हौदात विटा मोजत बसत असे.

फेब्रुवारीत भारत पौर्णिमेला, म्हणजे माघी पौर्णिमेला, बहुतेक बिगारी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेले, ते नऊ दिवसांनी आले. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. या भागात बांधकाम काढणाऱ्याने ते दिवस धरूनच चालावे. तक्रार पुढची आहे. मार्चमध्ये मेस्त्रींनी आणखी दोन कामे धरली आणि एप्रिलअखेर ओतायचा स्लॅब मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर गेला, म्हणजे वळवाच्या तोंडावर.

स्लॅबच्या त्या दिवसाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आमची गल्ली अरुंद असल्यामुळे तयार काँक्रीटची गाडी आत येणे शक्यच नव्हते. म्हणून लिफ्ट असलेला मिक्सर आणला. सकाळी साडेसहाला नारळ फुटला आणि चोवीस माणसे कामाला लागली; बहुतेक विजापूरकडची, कानडी बोलणारी. सिमेंटची १४० पोती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. काँक्रीट ओतण्यापूर्वी मेस्त्रींनी सळीखाली ठेवलेले कव्हर ब्लॉक स्वतः चालत जाऊन पाहिले आणि जिथे ते सरकले होते तिथे पुन्हा बसवले; सळी फळीला टेकली तर पुढे ती गंजून स्लॅबचे पोपडे सुटतात. व्हायब्रेटर एका जागी फार वेळ धरणाऱ्या पोराला त्यांनी दोनदा हटकले. एका बाईचे सात-आठ महिन्यांचे मूल दिवसभर आमच्या खोलीत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपले होते, आणि त्याची आई दर तासाला घमेले खाली ठेवून, हात धुऊन त्याला पाजायला येत होती. सासूबाई चंदगडकडच्या; त्यांचे कानडी बाजारापुरतेच. तरी त्या दोघींचे बोलणे कुठे अडल्याचे मला दिसले नाही. संध्याकाळी सर्वांना जेवण दिले. ज्वारीच्या भाकरी कमी पडल्या, म्हणून शेजारच्या दोन घरांतून आणल्या. रात्री अकराला गारांसह वळीव आला. मेस्त्री तोवर गेलेले नव्हते. त्यांनी आणि दोन पोरांनी प्लॅस्टिक पसरून त्यावर फळ्यांचे वजन ठेवले, आणि ते भिजतच घरी गेले.

अशा माणसाशी आठवड्याभरातच भांडावे लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते. आमच्या हॉलची रुंदी सोळा फूट आहे. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान चौदा दिवस ठेवावेत, असे भारतीय मानक सांगते, आणि इंजिनिअरनेही तेच लिहून दिले होते. आठव्या दिवशी सकाळी मेस्त्रींची माणसे प्लेटा काढायला आली, कारण त्या प्लेटा दुसऱ्या कामावर हव्या होत्या. यजमान कामाला गेलेले, मी निघण्याच्या गडबडीत. सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि उठल्या नाहीत. मेस्त्री आले, हसले, "आज्जी, काय होत न्हाई, आमी धा वर्सं असंच करतोय," म्हणाले. मी इंजिनिअरचा कागद दाखवला. टेकू राहिले, परंतु माणसे गेली. पंधराव्या दिवशी प्लेटा निघाल्या, आणि त्यानंतर तीन आठवडे आमच्याकडे कोणी फिरकले नाही.

या तीन आठवड्यांतला दोष अर्धा माझा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. करारात हप्ते असे ठरले होते: जोत्यापर्यंत पंधरा टक्के, लिंटेलला (दारे-खिडक्यांवरच्या पट्टीला) पंधरा, स्लॅबला तीस, भिंती आणि गिलाव्याला पंचवीस, शेवटच्या कामांना दहा, आणि एक पावसाळा पाहून उरलेले पाच. कागदावर हे उत्तम दिसते. परंतु दर शनिवारी माणसांच्या पगारासाठी मेस्त्री उचल मागत, आणि दारात उभ्या असलेल्या बाया-पोरांकडे पाहून मी ती देत असे. स्लॅब ओतला तेव्हा साठ टक्क्यांच्या जागी अडुसष्ट टक्के रक्कम गेलेली होती. पैसे कामाच्या पुढे गेले की माणसे दुसरीकडे जातात. दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या बाईला हे कळायला सहा महिने लागले!

पावसाळ्यात बाहेरचा गिलावा होत नाही, हे कोणीही मान्य करील. बेळगावचा पाऊस आणि त्यातही २०२४ चा जुलै लक्षात घेता मी ते दिवस मेस्त्रींच्या नावावर लिहीत नाही. परंतु छत घालून झालेले होते आणि आतल्या भिंती उभ्या करता आल्या असत्या. वहीप्रमाणे, रविवार सोडून, एकही माणूस न आलेले दिवस एकूण ११८ भरले. त्यांपैकी ३४ पावसाचे, २३ सणांचे आणि यात्रांचे, आणि उरलेले ६१ निव्वळ "उद्या सकाळी माणसं येत्यात" या उत्तराचे. ते ६१ दिवस आम्ही गोठ्यात काढले. मुलाला दोनदा सर्दी-तापाने अंथरुणावर पडावे लागले. गणपती त्या वर्षी पत्र्याखाली बसवला. आरतीच्या वेळी पावसाचा आवाज एवढा होता की टाळ ऐकू येत नव्हते.

मुलीच्या दहावीचा विषय वेगळा काढते, कारण या काळात घरात झालेली बहुतेक भांडणे त्यावरूनच झाली. सगळे लांबल्यावर फरशीचे काम डिसेंबरमध्ये ठरले होते, ते फेब्रुवारीत आले. फरशी कापण्याच्या यंत्राचा आवाज ज्याने दोन भिंतींच्या अंतरावरून ऐकला आहे, त्याला अधिक सांगायला नको. संध्याकाळी सहानंतर आणि पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात यंत्र चालवायचे नाही, असे मेस्त्रींनी कबूल केले होते. सहाची वेळ त्यांनी पाळली. परीक्षेचा आठवडा मात्र ते विसरले. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी आठपासून यंत्र सुरू झाले. यजमान, जे सहसा कोणाला मोठ्याने बोलत नाहीत, त्यांनी त्या दिवशी वायर काढून हातात घेतली. मेस्त्रींनी माफी मागितली, परंतु त्यांच्या दृष्टीने तो एक दिवसाचा प्रश्न होता. मुलगी पुढचे दोन महिने हिंदवाडीत मावशीकडे राहिली. तिचे गुण चांगले आले, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे मावशीला आहे.

फरशीच्या कामात एक उघड चूकही झाली. खालच्या न्हाणीघराचा उतार जाळीकडे नसून दाराकडे निघाला. आम्ही बादलीभर पाणी ओतून पाहिले तेव्हा कोपऱ्यात बोटभर पाणी उभे राहिले. मेस्त्रींनी वाद न घालता फरशी उखडून पुन्हा बसवली आणि मजुरी घेतली नाही. फुटलेल्या चौदा फरश्यांचे पैसे मात्र आमचे गेले. चूक ज्याची त्याने सामानही भरून द्यायचे, असे करारात नसल्यामुळे मी बोलू शकले नाही. रंग, ग्रिल आणि वायरिंग वेगळ्या लोकांनी केले, त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही.

घर कसे आहे, असे विचाराल, तर या पावसाळ्यात एकाही छताला ओल आली नाही, गच्चीवर पाणी साचत नाही, भिंतीला केसाएवढी भेग नाही. जुन्या घराची सागवानी चौकट मेस्त्रींनी जपून उतरवली होती. ती घासून, तेल देऊन नव्या घराच्या पुढच्या दाराला बसवली आहे, आणि तिच्यावर सासूबाईंच्या लग्नात लावलेल्या तोरणाचा खिळा अजून आहे. तो काढू का, असे मेस्त्रींनी विचारले होते, न विचारता उपटला नव्हता.

ज्यांची दुसरीकडे राहण्याची सोय आहे, त्यांना मी या मेस्त्रींचा नंबर विनासंकोच देईन. ज्यांना कामाच्या जागीच संसार मांडायचा आहे, त्यांनाही देईन, परंतु आठवड्याची उचल टप्प्याच्या रकमेत बसवावी, सलग सहा दिवस माणूस आला नाही तर काय करायचे ते लिहून घ्यावे, आणि मुलांच्या परीक्षेच्या तारखा करारालाच जोडाव्यात, एवढे सांगून. गच्चीच्या दाराचा उंबरठा अजून बसायचा आहे. शेवटचे पाच टक्के माझ्याकडेच आहेत आणि मेस्त्रींना ते ठाऊक आहे, परवा खडेबाजारात भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "वैनी, सोमवारी येतो." वहीत सोमवारचे पान कोरे ठेवले आहे.