1997ची पेटी आणि निपाणीचा शहाणा

1,013 डॉलर 61 सेंट. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीतला जो तो अर्धी गोष्ट ऐकून "पण गेले किती?" एवढंच विचारतो. मार्च 2024च्या भावाने साडेचौऱ्याऐंशी हजार रुपये झाले. एवढ्या पैशात मी होंडुरासच्या सांता रोसा दे कोपान गावात 'सत्तावीस वर्षं मुरलेले' पन्नास सिगार घेतले. त्या व्यवहारात मुरलेला होता तो फक्त विकणारा.

आणि मी निपाणीचा. हे लिहिताना जास्त लाज वाटते. आजोबांची तंबाखूची वखार, ती आजही तात्या, म्हणजे माझे थोरले काका, चालवतात. लहानपणी आम्ही बोदांवर, म्हणजे तंबाखू भरलेल्या मोठ्या पोत्यांवर, उड्या मारायचो आणि बायका चाळणीवर बसल्या की उडणाऱ्या धुळीने शिंकून बेजार व्हायचो. आजोबा चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि एक अक्षर न बोलता बोटांनी भाव सांगायचे. त्या घरातला नातू तंबाखूत फसला. ह्यूस्टनमध्ये पंधरा वर्षं राहतोय, हे काही कारण होऊ शकत नाही.

गार्मेंट कारखान्यांतल्या मशिन्स बसवून देण्याचं काम असल्याने होंडुरासला चोलोमात माझी वर्षातून दोन-तीनदा चक्कर असते. रविवार मोकळा मिळाला म्हणून ड्रायव्हर घेऊन सांता रोसाला गेलो. डोंगरातलं जुनं, दगडी रस्त्यांचं गाव. स्पॅनिश राजवटीत, अठराव्या शतकातच इथं सरकारी तंबाखूचं ठाणं होतं. पुढे 1962 साली अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली, तेव्हा क्युबन तंबाखूवाले बियाणं घेऊन होंडुरास, निकाराग्वात उतरले आणि होंडुरासमधल्या दानलीच्या बाजूला, हामास्त्रान खोऱ्यात, कोरोहो जातीची पानं पिकू लागली. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच फसलो असं आता वाटतं, कारण विकणारा जे सांगत होता त्यातलं निम्मं खरं होतं आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो.

दुकान ड्रायव्हरने दाखवलं. (ड्रायव्हरने दाखवलेल्या दुकानात कमिशन असतं, हे महाबळेश्वरला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. मलाही कळत होतं.) आत साठीचा गृहस्थ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, चांदीचा चष्मा. मी इंजिनियर आहे हे ड्रायव्हरकडून कळल्यावर दर वाक्याला "इन्हेनिएरो, इन्हेनिएरो". तिकडे तसं म्हणायची रीतच आहे, पण कानाला गोड लागतं. त्याने काही विकायच्या आधी मला एक सिगार ओढायला दिला. फुकट.

तो सिगार खरा होता. आज इतका संताप असूनही हे नाकारता येत नाही. नव्या तंबाखूला गोठ्यात शिरल्यासारखा अमोनियाचा वास येतो, त्याचा मागमूस नव्हता. पहिल्या झुरक्यांना जिभेच्या टोकावर मिरी, मग भाजलेले शेंगदाणे, मध्यावर आल्यावर कोको आणि ओल्या मातीसारखं काहीतरी. होंडुरासचा तंबाखू तरुणपणी आडदांड असतो, घशाला धक्के देतो. वर्षानुवर्षं सीडर लाकडाच्या पेटीत पडून राहिला की त्याचा आवाज खाली येतो. राख पांढुरकी, बोटभर लांब होऊनही पडेना. सव्वा तास लागला. धूर घशात न घेता तोंडात घोळवून सोडायचा, मिनिटाला एखादा झुरका, सिगार तापू द्यायचा नाही, असं सगळं मी त्याला करून दाखवत होतो. तो कौतुकाने बघत होता. बकऱ्याला हार घालताना खाटीक बघतो तसा.

मग आतून दोन पेट्या आल्या. पंचवीस-पंचवीसच्या. म्हणे 1997चा माल, मिच वादळाच्या आधीचा. 1998च्या ऑक्टोबरअखेर मिचने होंडुरास धुऊन नेलं, हजारो माणसं गेली, शेतं गेली. एवढ्या मोठ्या दुःखाचं नाव घेऊन कुणी खोटं बोलत असेल हे माझ्या मनाला शिवलं नाही. शिवायला हवं होतं. आणि दुसरं, 1997 म्हणजे अमेरिकेतल्या सिगारच्या लाटेचा कळस. त्या दोन-तीन वर्षांत मागणी इतकी वाढली की कोणीही उठून कारखाने काढले आणि हिरवट, न मुरलेला माल घाईने वळून पाठवला. म्हणजे पेटी खरीच 1997ची असती तरी पाय मागे घ्यायला कारण होतं. हे मी आधी वाचलेलं होतं! त्या दिवशी आठवलं नाही. सत्तावीस वर्षं हा आकडाच डोक्यात बसला होता.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच डोळ्यांपुढे येतो.

प्रत्येक सिगार सेलोफेनमध्ये होता आणि सेलोफेन पिवळा, मधासारखा. जुन्या सिगारची ती खूणच आहे, पानातलं तेल वर्षानुवर्षं कागदात उतरतं. मी खूश झालो. पण तेल उतरतं ते जिथं पान कागदाला टेकतं तिथं. टोकाला कागदाची जी घडी मोकळी राहते ती फिकट राहायला हवी. ती घडीसुद्धा तेवढीच पिवळी होती. टोकापर्यंत, एकसारखी, चहात बुडवल्यागत. मी बघितली. घडी उलगडून बघितली. आणि मनात म्हणालो, वा, काय पिवळा झालाय!

त्याच्या पुढचं तर सांगूच नये. हवेत उकाडा होता, हाताला घाम होता. सिगार बाहेर काढून फिरवला तर अंगठ्यावर तपकिरी डाग आला. पान रंगवलेलं होतं. आजोबांनी तो अंगठा बघून बोद उचलून रस्त्यावर फेकला असता. मी तो डाग पँटला पुसला आणि म्हातारा म्हणाला, "तेल आहे, इन्हेनिएरो, तेल." मी म्हणालो, हो, तेल. त्याला शब्द मीच पुरवले नाहीत एवढंच. पेटीतून नुकती पेन्सिल सोलल्यासारखा ताज्या लाकडाचा वास येत होता, बिजागरीच्या खिळ्यांना गंजाचा ठिपका नव्हता. सत्तावीस वर्षांची पेटी, त्या दमट हवेत! ओल्या टिश्यूने पान पुसा. वाईट दिसतं, दिसू दे. मी ते केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पेटीला 700 डॉलर सांगितले, घासाघीस करून 480वर आणले. त्याचाही मला अभिमान वाटला होता. दोन्हींचे 960. त्यातले 640 रोख, कारण "मशीन 8,000 लेंपिराच्या वर घेत नाही" (लेंपिरा म्हणजे तिकडचं चलन). ते 8,000 लेंपिरा कार्डावर गेले, त्याचे स्टेटमेंटवर 323 डॉलर 89 सेंट झाले, वर परदेशी व्यवहाराचे 9 डॉलर 72 सेंट. शिवाय 'सालाचा दाखला' म्हणून 40 डॉलर वेगळे. रबरी शिक्का, झोकदार सही, मधोमध मोठ्या अक्षरात 1997. कारखान्याचं नाव कुठेच नाही. ज्या दाखल्याचे वेगळे पैसे मागतात तो दाखला नसतो.

ह्यूस्टनला आणून दोन आठवडे ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ठरावीक ओलाव्यात ठेवायच्या पेटीत, 65 टक्के ओलाव्यावर ठेवले. गुढीपाडव्याला, 9 एप्रिलला, जेवणं आटोपल्यावर तीन मित्रांसमोर पेटी उघडली. भाषण केलं. मिच, कोरोहो, हामास्त्रान, सगळं. चौघांनी पेटवले. दहा मिनिटांत एकाचा सिगार मधोमध बोगद्यासारखा जळत गेला, दुसऱ्याच्या रेशमी कुडत्यावर राखेचा भुगा पडला, आणि तोंडात कडूजहर. मी म्हणालो, प्रवासात हवा लागली असेल, थोडे दिवस राहू दे. मित्र चांगले आहेत, काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी इथल्या एका जुन्या सिगारवाल्याकडे गेलो. त्याने न पेटवता ब्लेडने उभा चिरला आणि काउंटरवर पसरला. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पानं असतात. माझ्यातून चुरा सांडला. चुरा आणि काड्या. आमच्या वखारीत चाळणीखाली पडतो, बिडीला जातो, तो. घरी तात्यांना फोन लावला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरं, एक मोडून बघितलास न्हाईस व्हय?" नाही बघितला. अख्ख्या पेटीचे पैसे देताय तर एक मोडा, विकत घेऊन मोडा. मोडू देत नसेल तर उठा.

आता बँकेचं ऐका. कार्डाच्या बँकेत 47 मिनिटं फोन धरल्यावर एक बाई म्हणाल्या, रोख रकमेचं आम्ही काही करू शकत नाही, 323.89ची तक्रार घेऊ. घ्या. मग पत्र आलं: माल वर्णनाप्रमाणे नाही याचं जाणकाराचं लेखी द्या. सिगारवाल्याकडून लेखी आणलं. मग पत्र: माल दुकानदाराला परत पाठवल्याचा पुरावा द्या. कुरियरवाला तंबाखू घेईना. दुसराही घेईना. हे बँकेला कळवलं तर उत्तर आलं की कुरियरने नाकारल्याचं लेखी द्या. कुरियरवाला म्हणाला, जे आम्ही घेतलंच नाही त्याची पावती कशी देऊ? आणि हे सगळं केल्यावर शेवटचं पत्र: पावतीवर 'रेकुएर्दोस' लिहिलंय, म्हणजे स्मरणवस्तू, आणि स्मरणवस्तू तुम्हाला मिळालेल्या आहेत, प्रकरण बंद. म्हाताऱ्याने पावतीवर सिगार हा शब्दच लिहिला नव्हता! माझं स्पॅनिश कारखान्यापुरतं, नट, बोल्ट, दोरा, सुई. पावतीवर काय लिहिलंय ते फोनवर भाषांतर करून बघायला दहा सेकंद लागतात. 'पुरोस' म्हणजे सिगार, हा शब्द, नग आणि साल लिहून घ्या, आणि सगळे पैसे कार्डावरच द्या. मशीन घेत नसेल तर माल दुकानात राहू दे.

जूनमध्ये पुन्हा कामाला गेलो तेव्हा गाडी काढून थेट त्याच्या दुकानात. पळून गेला असेल असं वाटलं होतं. कशाला पळेल? तोच शर्ट, तोच चष्मा, "इन्हेनिएरो!" म्हणून कॉफी मागवली. दाखला पुढे टाकला. तो हसून म्हणाला, 1997 हे त्या सिगारचं नाव आहे, साल नव्हे. इतक्या शांतपणे म्हणाला की क्षणभर मलाच माझं चुकल्यासारखं वाटलं.

तिथून पोलीस चौकी. साहेब जेवायला गेलेले. दोन तासांनी आले. तक्रार स्पॅनिशमध्ये हवी, ती नोंदणीकृत भाषांतरकाराकडून हवी, भाषांतरकार सोमवारी बसतो. माझं विमान सोमवारी. बरं, तोंडी घ्या. तोंडी घेताना प्रश्न काय? त्याने जबरदस्ती केली का? नाही. शस्त्र दाखवलं? नाही. तुम्ही ओढून बघितला होता? हो, पण तो वेगळा... मग आवडला म्हणूनच घेतलात ना? हा दिवाणी मामला आहे, वकील करा. 960 डॉलरसाठी परक्या देशात वकील! ज्या वकिलातीला मेल केला तिने तर वकिलांची यादीच पाठवली, त्यातला पहिला नंबर बंद. निघताना साहेबांनी पुरावा म्हणून दोन सिगार ठेवून घेतले. पावती मागितली तर म्हणाले, कशाची? एकाने दारातच वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तपास तेवढाच झाला.

सिगार घेणं मी सोडलेलं नाही, लोक म्हणतात म्हणून सांगतो. घ्यायचे तर कारखान्याच्या स्वतःच्या दुकानातून घ्या, या वर्षीचे घ्या आणि स्वतः मुरवा. पाच वर्षं थांबायची तयारी नसेल त्यालाच सत्तावीस वर्षांचा आयता विकला जातो.

पाडव्याचे चार, चिरलेला एक, पोलिसांकडे दोन, आणि तात्यांसाठी गावी जाताना नेलेले दोन. तात्यांनी एक तळहातावर चुरडला, नाकाशी नेला आणि आजोबांसारखी बोटं दाखवली. किती ते सांगत नाही. उरले एक्केचाळीस. टाकायला निघालो तर बायको म्हणाली, "अहो, थांबा, रेशमी साड्यांत ठेवते, कसर लागणार नाही." परवा इथल्या मंडळात हळदीकुंकवाला ती पैठणी नेसून गेली आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं, घरी कुणी बिड्या ओढतं का?