रिमोटचा पंखा, नऊ वर्षांच्या वाफा आणि तो 'टूं'

आमच्या बेडरूममधल्या बीएलडीसी पंख्याचं (कमी वीज खाणारी मोटर असलेला, रिमोटवर चालणारा) कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ऐन एप्रिलात गेलं, म्हणून हा रिव्ह्यू आत्ता येतोय. वॅट किती, पाती किती लांब, कुठल्या रंगात मिळतो हे तुम्ही खोक्यावर वाचलेलंच असेल. मी त्यात जात नाही. एकच खुलासा करते. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली तरी जिच्या अंगातून रात्री वाफा निघतात, अशा बाईने हा पंखा वापरलाय. पोरंसोरं हवेचा झोत आणि दिसणं बघून तारे देतात. मी रात्री अडीच वाजता त्याच्याशी काय जमतं ते बघून देणार.

"अजून येतात तुला?" असं मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. हो, अजून. आपल्याकडे समजूत अशी की पाळी गेली, वर्ष-दोन वर्षं तापदायक जातात, मग संपलं. २०१५ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांचा हा त्रास सात वर्षांहून जास्त चालला होता. ज्यांना पाळी नियमित असताना किंवा नुकतीच मागेपुढे व्हायला लागल्यावरच वाफा सुरू झाल्या, त्यांच्यातल्या निम्म्यांचा तर अकरा वर्षांच्याही पुढे. मी त्या दुसऱ्या गटातली. तेव्हा सहनशक्ती बाजूला ठेवून सामान विकत घ्यायचं ठरवलं.

पंखाच का, तर वाफेचं गणित असं आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशीलता आक्रसते. शरीर जरासं तापलं तरी ते घाबरून सगळी दारं उघडतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, छातीपासून कपाळापर्यंत लाल होतं, घाम फुटतो. तीन-चार मिनिटांत अंगातली उष्णता इतकी निघून जाते की मग थंडी वाजते. म्हणजे पंखा एकदम जोरात हवा आणि थोड्याच वेळात एकदम बंद हवा. आमचा जुना रेग्युलेटर दाराशेजारी होता. घामेजलेल्या अंगाने उठायचं, चाचपडत पाचवर न्यायचा, परत येऊन पडायचं, कुडकुडायला लागलं की पुन्हा उठायचं. एवढ्यात झोप कुठच्या कुठे. उशाशी रिमोट असलेला पंखा ही चैन नव्हती, गरज होती, आणि साध्या पंख्यापेक्षा दुप्पट पैसे मी त्यासाठीच मोजले.

आता त्या 'टूं'बद्दल.

रिमोटचं कुठलंही बटण दाबलं की पंखा छतातून 'टूं' करतो. चालू केला, टूं. वेग वाढवला, टूं. कमाल वेगाचं वेगळं बटण आहे, तिथे तर दोनदा. बंद केला की एक लांबलचक टूंऽऽ, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोसारखा. दिवसा तो ऐकूही येत नाही. रात्री घर शांत असताना सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा कळत असेल की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाफ आली. आमचे हे तसे कुंभकर्ण, पण दुसऱ्या टूंला कूस बदलतात आणि तिसऱ्याला म्हणतात, "अगं, काय चाललंय?" पहिल्या महिन्यात मला वाफेपेक्षा त्या टूंची धास्ती जास्त. पडल्यापडल्या विचार करायचे, दाबू की नको, जाईल आपोआप. मग दाबायचेच.

आवाज बंद करायची सोय माहितीपत्रकात शोधली, सापडली नाही. हेल्पलाइनच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅम, तो फीचर आहे, कमांड पोचल्याचं कळतं." अरे बाळा, माझ्या तोंडावर वारा येतो ना, त्यावरून कळत नाही का?

दुसरी तक्रार त्यापुढे किरकोळ. रिमोटची सगळी बटणं एकाच आकाराची, अंधारात बोटाला फरक कळत नाही. मी चालू-बंदच्या बटणावर एक टिकली चिकटवली, मोठी, खड्याची. आता डोळे मिटूनही सापडतं. तिसरी तक्रार कंपनीची नाहीच. कामाच्या मावशी फरशी पुसून जाताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात, मग रिमोट कितीही दाबा, पंखा ढिम्म. त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

थंडीत मात्र पंख्याने मन जिंकलं. आम्ही नाशिकचे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की इथे रात्री गोधडीवर गोधडी लागते. त्या दिवसांत खोलीत पंखा चालू करणाऱ्या बाईकडे घरातले कसे बघतात ते मैत्रिणींना सांगायला नको. हा पंखा एकवर इतका हळू आणि इतका गप्प फिरतो की ह्यांना पत्ता लागत नाही (सुरुवातीचा टूं सोडला तर). लाइट जाऊन आली की आधीच्याच वेगावर पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरवरही साध्या पंख्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो.

विजेच्या बचतीचं कौतुक जाहिरातीत वाचून घेणाऱ्यांनी हिशोब करून बघा. साधा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. रोज आठ तास चालला तर महिन्याला दहा-अकरा युनिट वाचतात. पण माझा रात्रभर चालतच नाही. वाफ आली की चालू, गेली की बंद. माझ्या बिलात फरक मला भिंग लावूनही दिसला नाही. तुमचा हॉलमधला पंखा दिवसभर फिरत असेल तर गोष्ट वेगळी.

इथपर्यंत मी दोन तारे देणार होते. मधे एक गोष्ट झाली.

तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. रात्रीच्या वाफा अजून चालू आहेत म्हटल्यावर त्यांनी आधी थायरॉइड आणि साखर बघितली, कारण घाम नेहमी पाळीमुळेच येतो असं नाही. दोन्ही ठीक निघालं. मला पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या त्यांनी नको म्हटल्या. वेन्लाफॅक्सिन लिहून दिली. नाव वाचून ह्यांचा चेहरा पडला, "ही डिप्रेशनची गोळी आहे ना?" आहे, पण कमी डोसमध्ये वाफांवरही देतात. सुरुवातीला मळमळ झाली, तोंड कोरडं पडायचं. बीपी बघत राहायला आणि मनाने अचानक बंद न करायला बजावलंय. महिनाभरात रात्रीच्या वाफा बऱ्याच आटोक्यात आल्या. पूर्ण गेल्या नाहीत. शतावरी कल्पाने मात्र दुधासकट माझं फक्त वजन वाढवलं होतं, आणि वजन कमी केलं तर वाफांना उतार पडू शकतो असं डॉक्टरीणबाईंनी वर ऐकवलं. सोयाबीनच्या पिठाच्या पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं.

एक गंमत सांगते. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ साली हार्मोनशिवायच्या उपायांची यादी काढली. त्यात थंडाव्याचे उपाय शिफारस करण्याजोगे नाहीत असं आहे, पुरेसा पुरावा नाही म्हणून. योगासनांचीही तीच गत. विचारांची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाची मात्र शिफारस आहे. पंख्याने माझी वाफ थांबत नाही हे मलाही मान्य. पण वाफ आल्यावर उठावं लागत नाही, गाऊन ओला होण्याआधी घाम सुकतो आणि परत झोप लागते. तेवढ्यासाठी मला कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

तर वाफा कमी झाल्या, तसे टूंही कमी झाले, आणि पंखा मला आवडायला लागला. साडेतीन तारे ठरवले होते. त्याच सुमारास तो बंद पडला. रिमोट दाबला की टूं व्हायचा, पात्या जागच्या हलायच्या नाहीत! म्हणजे बाकी सगळं मेलं तरी तो टूं जिवंत.

सर्व्हिस सेंटरने आधी व्होल्टेजला दोष दिला. मग बिल मागितलं. बिल दाखवल्यावर म्हणाले, कार्ड वॉरंटीत आहे पण व्हिजिट चार्ज पडेल. मी वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर 'घरपोच सेवा विनामूल्य' असं ठळक छापलंय. दोन दिवस "वरून अप्रूव्हल" चाललं होतं. तोवर खाटेशेजारी स्टुलावर टेबलफॅन ठेवून मी रात्री काढल्या. शेवटी एक पोरगा आला, स्टुलावरचा टेबलफॅन उतरवून त्याच स्टुलावर चढला आणि वीस मिनिटांत कार्ड बदललं. चार्ज घेतला नाही. खाली उतरताना मी त्याला टूंचं विचारलं. हसला. म्हणाला, "काकू, सगळे हेच विचारतात." परत वर चढून बझरच्या भोकावर त्याने काहीतरी चिकटवलं. कंपनीला सांगू नका म्हणाला, म्हणून कंपनीचं नाव या रिव्ह्यूत नाही.

आता आवाज येतो, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी जीभ टाळ्याला लावल्यासारखा. चार तारे. अर्धा तारा त्या पोराचा आहे.

घेणार असाल तर दुकानदाराला पंखा टांगलेला दाखवायला सांगा आणि रिमोट स्वतः दाबून बघा, दुकानातला टीव्ही बंद करायला लावून. वॉरंटी मोटरची किती आणि कार्डची किती हे वेगवेगळं विचारा. बऱ्याच ठिकाणी मोठा आकडा मोटरचाच असतो, आणि आधी जातं ते कार्ड. माझ्या कार्डची वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे, त्यानंतर नवीन कार्ड कितीला पडतं तेही पोराला विचारून ठेवलंय. बाराशे म्हणाला.